घरपट्टी आणि आत्याचं मत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आत्याला ओळखत नाही — आणि तेच बरं आहे.

मी उत्रोलीचा. वरव्याजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. पगारातून इन्कम टॅक्स कापला जातो, आणि त्याचा मला केवढा तोरा! चहाच्या टपरीवर मी ऐकवायचो — कर भरायचा आम्ही, आणि मत मात्र सगळ्यांना एकेकच? जास्त भरणाऱ्याच्या मताला जास्त वजन नको? लोक माना डोलवायचे. मला बरं वाटायचं.

आत्या आमच्याकडेच असते. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. घर माझ्या नि बायकोच्या नावावर, शेत माझ्या. तिच्या नावावर काय? काही नाही. त्या शेतातली भाताची लावणी मात्र जन्मभर तिनं केली.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात माझा मित्र उभा होता, आणि त्याच्यासमोर बौद्धवस्तीतली सुनंदा — लावणीला आत्याच्या शेजारी वाकणारी. मत सुनंदालाच, असं आत्यानं उघड सांगून टाकलं. आणि मी — कसं सांगू? — घरातली सगळी मतं मित्राला कबूल करून बसलो होतो.

उमेदवाराला अर्जाला घरपट्टी भरल्याचा दाखला जोडावा लागतो, एवढं आत्याला ठाऊक होतं. मी तेवढंच धरलं. मतदानाच्या सकाळी बायको पुढं गेली होती. आत्या धुतलेलं लुगडं नेसून दारात तयार.

म्हणालो, "आत्या, आता मत देणाऱ्यालाबी दाखला लागतो. तुझ्या नावावर पट्टी न्हाई."

ती म्हणाली, "म्या भरली तर? किती पडंल?"

"तुला न्हाई परवडायचं."

त्या खोट्यापेक्षा हेच मला जास्त टोचतं. ती बाजारातून साबण आणते, चहापूड आणते, त्यातही कर असतोच — हे मला माहीत नव्हतं का? होतं. मित्र भरपूर मतांनी निवडून आला. तिच्या मतानं काही फिरलं नसतं. मी नुसतंच हिसकावलं.

त्या दिवशी सुनंदा तिला न्यायला आली होती. आत्यानं सांगितलं, गुडघे दुखतात. आपल्या नावावर पट्टी नाही, हे बोलायची तिला लाज वाटली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला ती गुडघ्यांचंच सांगते. बायकोलाही ते खरं वाटतं.

परवाच्या मतदानाला मी शाई लावून घरी आलो. आत्यानं माझं बोट हातात घेतलं, कौतुकानं बघितलं. "तू भरतुयास म्हणून बरं, बाबा," म्हणाली. "माझ्या वाटचंबी तूच दिलंस."

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, भूक लागलीय. तिनं वाढलं, आणि मी जेवलो.