साक्षगंधाच्या दिवशीचा पिक्चर

देवकाबाईले मी रडताना एकदाच पाह्यलं, तेही हिंगणघाटच्या टॉकीजमंधी. घरी रडाले तिले फुरसत कुठं होती? आमी अल्लीपूरले भिंतीले भिंत लावून राह्यलो, म्हणून सांगते.

नवऱ्यानं टाकलं तवा ती वीस वर्साची. माहेरी आली तं मायबाप गेलेले, अन् भाऊ जयवंता पाच वर्साचा. पाटासाठी, म्हंजे दुसऱ्या लग्नासाठी, दोन मागणे आले, दोनही परत धाडले. म्हणे, "मी गेली तं पोट्ट्याले कोण पाह्यल?" लोकाइच्या वावरात कापूस वेचून तिनं त्याले मॅट्रिक केलं.

शहात्तर साली दिवाळीनंतर त्याचं केळझरच्या पोरीशी लग्न जमलं. देवकाची एकच हौस, साक्षगंधात पोरीची ओटी आपल्या हातानं भराची. त्यासाठी हिरवी साडी घेऊन ठेवली होती. पेटीतून काढे, मले दाखवे, पुन्हा घडी घाले. "नले, ओटी नवरदेवाच्या बहिणीनंच भराव लागते बरं!" जयवंता तारीख मात्र सांगे नाई. "पाहू, पाहू" करे.

एका रविवारी सकाळीच तो माह्या दारात. हातात दोन तिकिटं, आदल्या दिवशी जाऊन काढलेली. "वहिनी, बाईले घेऊन जा. लय चांगला पिक्चर हाय. बिचारी कदी कुठं गेली नाई." मले वाटलं, वा बाप्पा! भाऊ असावा तं असा.

पिक्चरमंधी एक बहीण घरासाठी सारं सोसते. भाऊ तिले घराबाहेर काढते, मंग पस्तावते, पायावर पडते. ती माफ करते अन् त्याच्याच मांडीवर जीव सोडते. देवकाचा पदर ओला चिंब. "नले, अशा बाया असतात काय वो?"

"आरशात पाह्य," मी म्हटलं. रडता रडता हासली.

यष्टीनं घरी आलो तं पेटी उघडी. साडी नाई. समोरची तानाबाई कवाडात येऊन उभी. "काऊन वो देवके, तू गेली नाई? सकाळीच तं जीप गेली केळझरले, साक्षगंधाची!"

देवका पेटीजवळ खाली बसली. मंग माह्याकडं पाह्यलं. "नले, तुले माहीत होतं काय?"

"माह्या लेकराची आन, नाई वो!"

तिनं उठून पेटीचं झाकण लावलं.

दिवेलागणीले जयवंता आला, कपाळाले टिळा, खांद्यावर नवा शेला. "बाई, रागावू नको. पोरीवाल्याइले तुह्यं सांगतलंच नव्हतं. टाकलेल्या बाईचा हात ओटीले लागला, तं लोकं काय म्हणतील?" अन् मंग मेल्यानं विचारलं, "पिक्चर कसा होता?" मले वाटलं, पायातली चप्पल काढावी! केसानं गळा कापला ना तिचा!

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन माह्या छपरीत आली. हळदीच्या दिवशी जयवंता आला, नवं लुगडं घेऊन. सरळ तिच्या पायावर पडला. "बाई, माफ कर. तुह्याशिवाय हळद कशी लागल?" लय रडला. खोटं काऊन बोलू, माह्याही डोळ्यात पाणी आलं.

देवकानं पाय मागं घेतले. "त्या बाईले मराचं होतं, म्हणून तिनं माफ केलं. मले उद्या कापूस वेचाले जाचं हाय."

या गोष्टीले अकरा वर्सं झाली. अजून छपरीतच राह्यते. माह्या चुलीवरची भाकर खाते, माह्या नातीले खेळवते. भाऊबीजेले कवाड लावून बसते.

मागच्या रविवारी सरपंचाच्या घरी टीव्हीवर तोच पिक्चर लागला. साऱ्या बाया चालल्या होत्या. मी म्हटलं, "देवके, चाल. घडीभर बसू."

ती तांदूळ निवडून राह्यली होती. सूप खाली ठेवलं अन् विचारलं, "आज माह्या माघारी काय हाय, नले?"