पाठीमागे ओतलेलं पाणी

आये, कुडाळच्या स्टँडवर माझी एसटी सुटली तेव्हा तू रडली नाहीस. "भिया नको गो," एवढंच म्हणालीस. बाबांनी मात्र अट घालूनच पाठवलं होतं: राज्याच्या संघात निवड नाही झाली तर बास्केटबॉल बंद, गपगुमान परत यायचं. मी जाम घाबरले होते. मुंबईत घाटकोपरला आत्याकडे राहून मुलुंडला सरावाला जायचे. बॉल हातात आला की वाटायचं, हा सुटला की संपलंच सगळं.

आमचे सर सर्बियाचे. ताडमाड उंच, गुडघ्याला कायम पट्टा. तरुणपणी देशाकडून खेळले, ऐन भरात गुडघा गेला, मग कोच म्हणून देशोदेशी फिरत मुलुंडला येऊन टेकले. पोरी म्हणायच्या, "यार, हा माणूस झोपेतपण शिट्टी मारत असेल!"

निवड चाचणी अंधेरीला होती. त्या सकाळी सर मुद्दाम आत्याच्या चाळीत आले. मी आत्याबरोबर रिक्षाकडे निघाले आणि मागे फस्सकन आवाज झाला. बघते तर सरांनी पाण्याची अख्खी बाटली माझ्या पावलांमागे ओतलेली! आत्या किंचाळलीच, "अरे मेल्या, मयत निघालंय काय आमच्या घरातून?" आपल्याकडे प्रेत बाहेर पडल्यावरच मागे पाणी टाकून दार धुतात ना गं. म्हटलं, लागली वाट.

सर गोंधळले. मग मोडक्या हिंदीत सांगू लागले. बॅग घेऊन पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा त्यांच्या आईने असंच पाणी ओतलं होतं, पोराची वाट पाण्यासारखी न अडता पुढे जावी म्हणून. दर वेळी ओतायची. "माँ गई, तब मैं दूर था. अब कोई नहीं डालता," म्हणाले.

निवड झाली. कशी खेळले विचारू नकोस, नुसती भीतीने पळत होते. फोनवर पाण्याचं सांगितलं तेव्हा तू पटकन जेवणाचं विचारलंस.

मग गणपतीला मी घरी आले. परत निघताना उंबरा ओलांडला तर मागे तू तांब्या घेऊन उभी. ओठांत ग्रामदेव रवळनाथाचं नाव, तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "आये, नको," मी म्हटलं.

"तुझ्या सरांच्या आवशीन ओतलेला ना? मग मी पण ओततलंय."

आता घर म्हटलं की मला माड आठवत नाहीत, दारापुढचं खळंही नाही. तो तांब्या आठवतो. माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरली होतीस, आये. तरी ओतलंस.