काकांच्या दारावरची चौकट

“आधी नमस्कार, मग हसा.”

ब्रह्मा घाटाच्या आमच्या गल्लीत काकांच्या दारापुढून कोणी घाईने निघालं, की आतून हे वाक्य यायचं. नव्वदच्या दशकात मी बँकेच्या बदलीवर काशीत आले, तेव्हा माझं स्वागतही त्यानेच झालं.

दारावर काचेची लांबट चौकट होती. वर त्या दिवसाच्या सणाचं जुनं छापील चित्र, खाली जुन्या मासिकातून कापलेलं चित्रकथेचं पान. गणेशचतुर्थीला वर गणपती आणि खाली रिक्षात न मावणारा हत्ती. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. जुनी कॅलेंडरं, मासिकं ते गंगेपलीकडच्या रामनगरच्या रद्दीवाल्याकडून आणत. नावेतून उतरून गठ्ठा छातीशी धरून पायऱ्या चढताना तुम्ही त्यांना पाहिलं असतंत, तर तुम्हालाही वाटलं असतं, स्वारी खजिना लुटून आली आहे.

काकूंना हे बिलकूल पसंत नव्हतं. “देवाखाली हत्ती-उंदरांचा तमाशा. ह्या वयात शोभतं का?” म्हणत त्या चौकटीकडे न बघता आत जायच्या.

श्रावणात मात्र वरची जागा रिकामी असे. गल्लीतल्या हिंदी लोकांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, आपला मराठी श्रावण मागून. त्यात काकांचा घोळ झाला असेल असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाले, “देव रामनगरला गेलेत. नाव मिळाली की येतील.”

शेजारणीने मग हळूच सांगितलं. श्रावणात लावायची ती जिवती, मुलांना जपणारी. काका-काकूंचा एकुलता मुलगा लहानपणी श्रावणातच गेला. तेव्हा काकूंनी जिवतीचा कागद पेटीत घातला, तो घातलाच.

पुढच्या श्रावणात माझी मुलगी मिनू टायफॉइडने आजारी पडली. ताप उतरेना. शुक्रवारी सकाळी मी औषध आणायला निघाले, तर काका स्टुलावर चढलेले आणि खाली काकू पिवळा पडलेला कागद दोन्ही हातांनी धरून उभ्या. त्यावर जुन्या हळदीकुंकवाचे डाग होते.

“सरळ लावा हो,” काकू म्हणाल्या. “पोरीचा सवाल आहे.”

खालची जागा काकांनी कोरी ठेवली. मला म्हणाले, “आज फक्त नमस्कार. बिटिया उठली की हसू.” मी तिथेच रडले.

मिनू उठली. माझा हात धरून दारापर्यंत आली आणि खालचं पान कुठे आहे, म्हणून काकांशी भांडली. इतका खूश झालेला माणूस मी क्वचितच पाहिला.

काही वर्षांनी काका गेले. सण येत-जात राहिले, चौकट तशीच रिकामी. त्यांच्याइतका जीव मी ह्या गावात कोणाला लावला नव्हता. त्या दारावरून जाताना मी मान खाली घालायची.

मग श्रावण आला, आणि पहिल्या शुक्रवारी काकूंनीच मिनूला हाक मारली आणि पेटी उघडून दिली. मिनूने वर जिवती लावली आणि काकूंना विचारल्यासारखं करून, उत्तराची वाट न बघताच खाली चित्रकथेचं एक पान सरकवलं. काकूंनी तिला औक्षण केलं, जिवतीला हात जोडले. मग पदराने चष्मा पुसून त्या खाली वाकल्या. बराच वेळ वाकूनच होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले, तशी मी धावले.

काकू हसत होत्या. “मगर डॉक्टरला दाढ दाखवायला आली आहे गं,” त्या म्हणाल्या. “घरात इतकी गंमत होती, आणि मी कधी बघितलीच नाही.”