तात्यांच्या वस्तीची चिठ्ठी निघाली

लेकीचा, सुनंदाचा, फोन आला, “आई, सामान बांधतुया. जायचं का ऱ्हायचं, ते चिठ्ठी सांगंल.” मग काय, मी पिशवी भरली अन् बारामतीचं स्टँड गाठलं. पंचाहत्तरीपुढं एसटी फुकट; वय कमी असलं तरी बाईमाणसाला अर्धंच तिकीट. इंदापूरला उतरून नरसिंहपूरकडची वडाप जीप धरायची. पुढंच बसा, मागं हाडं खिळखिळी होतात.

लेकीच्या सासरची वस्ती मात्र बघण्यासारखी. वस्तीतले थोरले तात्या; त्यांनी जवानीत चार घरांचे बांध नांगरून टाकले. रान एक, चूल एक. आता माणसं एवढी झाली की पंगत अंगणात मावंना. म्हणून मोरगावाकडं माळ घेतला, निम्म्यांनी तिकडं जायचं. एका गटाचे पुढारी तात्या, दुसऱ्याचे युसूफभाई. कुठला गट जाणार ते चिठ्ठीवर, पण सामान दोघांनीही बांधायचं. कुणी निवांत बसायचं न्हाय!

सुनंदा तात्यांच्या गटात. लग्न झाल्यापासून ती चूल तिच्या हातात, तिला तिथंच ऱ्हायचं होतं. आन् मला? मोरगाव माझ्या घरापासून तासाभरावर. मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं.

पिठलं-भाकरीची पंगत उठली. वस्तीतल्या थोरल्या म्हातारीनं डब्यातनं चिठ्ठी काढली. युसूफभाईंनी वाचली अन् घडी करून मुठीत धरली.

“बोल की,” तात्या म्हणाले.

“तुमी, तात्या. पर आपण अदलाबदल करू. तुमच्या गुडघ्यांना माळ झेपायचा न्हाय.”

“आन् मग फुडं चिठ्ठी कोण मानंल? टेम्पो लाव.”

युसूफभाईंच्या गटानं आपली गाठोडी सोडायच्या आधी तात्यांच्या गटाची टेम्पोत चढवली. सुनंदानं मागं ऱ्हाणाऱ्यांसाठी डाळ शिजत घातली, युसूफभाईंच्या बायकोच्या हातात पळी दिली. “रुखसाना, फोडणी तू दे.” मग डोळं पुसत माझ्याकडं वळली, “आई, हसू लपीव की जरा!”

“मी कुठं हसतीय?”

“पदराआड!”

घरी येताना मी स्टँडवर पेढे घेतले, गल्लीत वाटले. शेजारीण म्हणाली, “आजी, पेढे कशाचे?”

“लेक जवळ आली,” म्हणाले मी. एवढंच म्हणाले. तिचं घर सुटलं, हे काही पेढ्याबरोबर सांगता येईना.