बोट सुटली त्या दिवशीचा शर्ट

इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन बंदराच्या नॉर्दम वस्तीत हेस्टर प्रॅग्नेलला कुणी पहाऱ्यावर नेमलं नव्हतं. तिची तीच नेमली गेली होती. ज्या घरातला पुरुष बोटीवर गेला त्या घरात बोट सुटल्या दिवशी धुणं काढायचं नाही, ही गल्लीची रीत. काढलं की माणूस पाण्यात धुऊन जातो. सगळी गल्लीच बोटींच्या पोटात कोळसा ओढणाऱ्यांची, तेव्हा बोट कुठलीही सुटो, धुणं बंद. हेस्टर सकाळपासून मागच्या बोळात फेऱ्या घालायची आणि कुणाच्या घरात साबणाचा वास आला की दार वाजलंच म्हणून समजा. एकदा तिने पाद्रीबाबांच्या बायकोचे रुमालसुद्धा दोरीवरून उतरवायला लावले. पाद्रीबाबा जन्मात बोटीवर चढले नव्हते, पण सवय वाईट, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा आयुष्यभर बोटीवर राबला आणि शेवटी घरच्या खाटेवर खोकून खोकून मेला. हेस्टर हे कौतुकाने सांगायची. माझी दोरी कोरडी होती म्हणून, म्हणायची.

मुलगा एकच, विल्फ. त्याने लग्न करून आणली ती आयव्ही, समुद्रापासून लांबच्या गावातल्या शेतकऱ्याची पोर. समुद्र तिने लग्नानंतर पाहिला आणि तिला तो काही फारसा आवडला नाही.

त्या वर्षी कोळशाच्या खाणींतला संप चिघळला, बोटी धक्क्याला बांधून पडल्या आणि गल्लीतले पुरुष दिवसभर बायकांच्या पायात पायात यायला लागले. अशात नव्याकोऱ्या टायटॅनिकवर विल्फला काम मिळालं. निघायच्या सकाळी हेस्टरने त्याला बेकन तळून घातलं आणि वर उपदेशही केला. तो गेला. दुपारी बोटीचा भोंगा ऐकू आला. हेस्टर नेहमीची फेरी पुरी करून मागच्या अंगणात शिरली, तर तिच्याच दोरीवर विल्फचा शर्ट.

"हे काय आहे?"

"शर्ट," आयव्ही म्हणाली. "संपभर अंगावर होता, आई. घाण वास मारत होता. आणि आज वारा काय छान सुटलाय."

तिला रीत कुणी सांगितलीच नव्हती. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती सांगायचं राहून जातं. हेस्टरने ओला शर्ट ओढून एप्रनखाली कोंबला, पण भिंतीपलीकडून शेजारीण लॉटी कोल्सचं डोकं वर आलेलं होतं. लॉटीची दोन्ही मुलं त्याच बोटीवर होती. तिने शर्ट पाहिला आणि डोकं खाली घेतलं.

आधी बातमी आली, सगळे वाचले. मग दुसरी आली. बायका कंपनीच्या कचेरीबाहेर वाचलेल्यांची नावं लागायची वाट बघत उभ्या राहिल्या, रडायलासुद्धा जागा सोडायला तयार नव्हत्या. विल्फचं नाव लागलं नाही. लॉटीच्या मुलांचंही नाही. गल्लीत माणूस गेलेल्या घरांच्या एकेका खिडकीचा पडदा ओढला जात गेला, शेवटी उघडी खिडकीच डोळ्यांत खुपायला लागली.

मग लॉटी चारचौघींना घेऊन हेस्टरच्या दारात आली.

"त्या दिवशी तुझ्या दोरीवर शर्ट होता. कुणी धुतला?"

आयव्ही पोटुशी होती, दिवस भरत आलेले. ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली. एव्हाना रीत तिच्या कानावर आली होती. हेस्टरने तिच्याकडे पाहिलं. याच पोरीने माझा मुलगा बुडवला, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"मी धुतला," हेस्टर म्हणाली.

"तू? अगं, तू पाद्रिणीचे रुमाल उतरवलेस."

"म्हणूनच. जन्मभर दुसऱ्यांच्या दोऱ्या राखल्या. म्हटलं, एकदा बघू तरी काय होतं."

"मग?"

"बघितलं."

लॉटी उंबऱ्यावर थुंकली आणि गेली. त्या दिवसापासून गल्लीने हेस्टरला वाळीत टाकलं. ती दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. बोळातली फेरी लॉटीने घेतली आणि ती सुरू व्हायची हेस्टरच्या अंगणापासून. हेस्टर दारात हात बांधून उभी राहायची आणि कोरडी दोरी दाखवायची.

एका संध्याकाळी आयव्हीला राहवलं नाही.

"आई, खोटं का बोललात?"

"तुला इथे पोर वाढवायचंय. त्याला शेजार लागेल. मला काय करायचाय शेजार?"

"विल्फला मीच बुडवलं ना?"

हेस्टर उठली, कपाटातून तो शर्ट काढून आणला आणि तिच्या मांडीवर टाकला. इस्त्री केलेला होता.

"बोटीचं देव जाणे. माझा त्या रीतीवर विश्वास होता, अजून आहे, काय करू? पण तो गेल्याचं कळलं ना, तेव्हा मी यात तोंड खुपसलं. साबण, आयव्ही. नुसता साबण. त्याचा वास गेला. धुऊ नका असं गल्लीतल्या जुन्या म्हाताऱ्या का सांगायच्या, ते मला तेव्हा कळलं. याची मात्र मी तुला माफी देणार नाही."

आयव्हीने शर्ट बाजूला ठेवला. मग जड अंगाने जिना चढून वर गेली आणि खाली आली ती विल्फच्या उशीचा अभ्रा घेऊन. मळून करडा झालेला. तिने तो सासूपुढे धरला.

हेस्टरने नाकाशी नेला. कोळसा, स्वस्तातला तंबाखू आणि विल्फ.

"हा धुतला नाहीस?"

"नाही, आई. त्या दिवशी पाणी संपलं होतं."