चुड्याखालची नाडी

मी वाचले हे तर उघडच आहे, नाहीतर ही टकळी कोणी चालवली असती? पण वाचले कशी, ते आमच्या घरात जो तो आपापल्या परीने सांगतो आणि सगळे चुकीचं सांगतात. खाटेवर मी होते बाबांनो, माझं ऐका.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. धामणगाव बढ्याला घरीच माझी पहिली मुलगी झाली. मुलगी ठणठणीत, पण माझं रक्त काही थांबेना. आमच्या ह्यांनी एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून मला बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं. सोबत सासूबाई, मांडीवर बाळ घेऊन.

डॉक्टर तरुण, बोलणं तुटक. माझी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "हिला रक्त द्यावं लागेल, लगेच. त्याआधी हिचं थोडं काढून गट पाहायचा." एवढंच काम, पण ते होईना. त्या वेळी सुया उकळून उकळून पुन्हा वापरायचे, त्यामुळे पार बोथट झालेल्या. दोन्ही कोपरांत टोचलं, पायात टोचलं. शिरा आत दडून बसलेल्या. मला ओरडायचंही बळ नव्हतं. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी त्या डॉक्टरला माहेरच्या सगळ्या शिव्या घातल्या.

मग ते थांबले. चिडले नाहीत, पुन्हा टोचलं नाही. माझं मनगट हातात घेऊन म्हणाले, "नाडी लागते आहे अजून. शिरेचा नाद सोडा, ठोका देते त्या धमनीतूनच घेतो." सिस्टरला कपाटातली नवी सुई काढायला लावली. हाताखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मनगट उलटं केलं, आणि आडव्या आल्या बांगड्या. हिरवा चुडा, मनगटावर गच्च भरलेला. हात सुजलेले. साबण लावून पाहिला, बांगडी तसूभर हलेना.

"फोडाव्या लागतील," सिस्टर म्हणाली.

झालं! सासूबाईंनी बाळ माझ्या पायथ्याशी ठेवलं आणि माझा हात धरला. "हात तं लावून पाह्य! माह्या पोराच्या नावाचा चुडा हाय तो!"

सासूबाई स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांचा चुडा कसा उतरवला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण कासारीण दारात आली की त्या उठून मागच्या अंगणात जायच्या. म्हणून मला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली, कारण माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती.

"आजी, ही मरेल!" डॉक्टर ओरडले.

"मरन-बिरन बोलू नोका!"

आमचे हे म्हणजे गरीब गाय. आईपुढे कधी ब्र काढला नाही. ते दारातून घामाघूम आत आले. "माय, मी मेलो काय? हा तुह्यासमोर उभा हावो ना! माह्याच नावाच्या हायेत, मंग मीच काढतो. सोड तिचा हात."

आई सोडेना, तेव्हा त्यांनी एकेक करून तिची बोटं सोडवली. सिस्टरने बांगड्यांखाली कापूस सारला, वर फडकं गुंडाळलं आणि ह्यांनी चिमट्याने एकेक बांगडी वाढवली. हो, वाढवली, 'फोडली' म्हणायची मला आजही हिंमत नाही. रडत होते आणि करत होते. कोणत्या नवऱ्याने केलंय हो असं? जन्मभर मी त्यांच्याशी भांडले, पण त्या दिवसाचे उपकार कधी विसरले नाही.

डॉक्टरांनी दोन बोटांनी ठोका हेरला आणि सुई घातली. पहिल्याच टोचणीत लालभडक रक्त आपणहून वर चढलं. कंपाउंडर ते घेऊन पळाला.

"आता इथे घट्ट दाबून धरा," डॉक्टर म्हणाले, "धमनी आहे, सोडली तर आत रक्त साचेल." सिस्टरला बाटलीची तयारी करायची होती. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या सासूबाई उठल्या. "सरका. मी धरतो," म्हणाल्या आणि माझ्या उघड्या मनगटावर त्यांनी अंगठा रोवला.

जुळणारं रक्त दवाखान्यातल्याच एका शिपायाचं निघालं. त्या माणसाचं तोंडही मी पाहिलं नाही. तो जिथे असेल तिथे त्याचं भलं होवो. डॉक्टरांनी घोट्याजवळ चीर देऊन शीर उघडी केली, तिच्यात नळी घातली, बाटली टांगली, थेंब पडायला लागले. सासूबाई तशाच बसलेल्या.

"आजी, आता रक्त येत नाही. सोडा की हात," सिस्टर म्हणाली.

"नोको माय," त्या म्हणाल्या. "अंगठ्याखाली ठोका लागून राह्यला. लागू द्या मले."