दहा मिनिटांची मुदत

"भाऊ, हे उठून नाही राहिले."

रविवारी दुपारी ज्योतीवहिनींचा फोन आला तेव्हा मी सुनीलवर सकाळपासून चिडलेलोच होतो. माझ्या तोंडून निघालं, "झोपू देऊ नका त्याला वहिनी, पाणी मारा तोंडावर!" पलीकडून त्यांनी शेजाऱ्यांना हिंदीत हाक मारलेली ऐकू आली, "भैया, जल्दी आइए!" आणि फोन कटला. सदर भागातून मी महाराजपूरला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत लोकांनी त्याला खुर्चीतून खाली घेऊन चटईवर निजवलं होतं. डॉक्टर येऊन, हात धुऊन निघूनही गेले होते. हृदयविकाराचा झटका. वय एकोणपन्नास. या गोष्टीला आता दहा आठवडे झाले. सुनीलबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहा, असं लोक म्हणाले, आणि त्या आहेतही. पण त्या सकाळी तो मला काय म्हणाला होता, हे त्याच्या बायकोला, वहिनींना, सांगायचा धीर मला होत नव्हता. तो किडा डोक्यात वळवळत असताना नुसतं चांगलंचुंगलं कसं लिहिणार?

लहानपणी कांचघर मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. दोघांचेही वडील भंडाऱ्याकडून इकडं हिंदी मुलखात येऊन फॅक्टरीत लागलेले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भांडण दोन्हींत. मी पहिल्यापासून उतावळा, आणि सुनील म्हणजे नुसता धिम्मा. फाटक उघडं असलं तरी रेल्वे ओलांडताना स्कूटर थांबवायचा, दोन्हीकडं पाहायचा. मागून लोक हॉर्न मारून राहिले तरी याचं आपलं चाललेलं. पुढं आम्ही दोघांनी मिळून वेबसाइट सांभाळायचा धंदा काढला. सदरला एक खोली. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडं, यंत्राचं काम त्याच्याकडं, आणि तो ते घरूनच करायचा. त्याच्या आईला हे काही केल्या पटायचं नाही. "तुझं यंत्र कुठं आहे रे?" "मुंबईत." "अन् तू?" "इथं, घरात." "मग सरळ सांग ना, नोकरी सुटली म्हणून!" म्हातारी जाईपर्यंत हेच धरून बसली होती.

ते यंत्र आम्हीही कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या सर्व्हरमधला भाड्याचा एक कप्पा, एवढंच ते. त्याला इंटरनेटवरचा एकच पत्ता, म्हणजे आकड्यांचा एक नंबर, आणि आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची मेल त्याच नंबरावरून जायची. त्यातल्या एका मंगल कार्यालयवाल्यानं जाहिरातींच्या हजारो मेल सोडल्या आणि तो नंबरच बदनाम झाला. एकानं खावं, दुसऱ्यानं भोगावं तसं झालं. एका शाळेची प्रवेशाची पत्रं पालकांच्या मेलमधल्या कचऱ्यात, म्हणजे स्पॅममध्ये, जाऊन पडू लागली. यावर उपाय एकच, यंत्राला दुसरा नंबर जोडायचा आणि शाळेची मेल त्यावरून सोडायची. कंपनी नंबर देते, पण तो यंत्राच्या आत आपल्यालाच बसवावा लागतो, आणि तेही दुरून, त्याच जुन्या नंबराच्या आधारानं. तिथं चुकलं तर यंत्राशी बोलायची वाटच बंद. सुनीलनं अगदी सुरुवातीला एकदा असा घोळ घातला होता. सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट दिवसभर बंद, आणि मी त्याला दिवसभर शिव्या घातल्या. तेव्हापासून त्याची रीत ठरली. नंबराला हात लावायच्या आधी यंत्राला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांत माझ्याकडून "ठीक आहे" असं आलं नाही तर सगळं पहिल्यासारखं कर. मग बदल करायचा, बाहेरून तपासायचं, आणि मगच ठीक आहे म्हणायचं. "एवढा काहून घाबरतो बे?" मी विचारायचो. तो म्हणायचा, "घाबरून नाही राहिलो. परत यायची सोय करून राहिलो."

त्या रविवारी सकाळी शाळेच्या मुख्याध्यापकांचे मला तीन फोन आले होते. पत्रं सोमवारी पोहोचलीच पाहिजेत. मी सुनीलला पहिला फोन केला. "करून राहिलो ना यार," म्हणाला. अर्ध्या तासानं दुसरा केला. आवाज बारीक होता. "एक आकडा चुकला माझा. आता परत करून राहिलो... छातीत कसंतरीच होऊन राहिलं बे, हातही जड वाटते." आणि मी, त्याचा जन्माचा दोस्त, काय म्हणालो? म्हणालो, "काल सदरला हावऱ्यासारखं मटण हाणलं ना, त्याचं पित्त आहे. गोळी घे अन् आधी काम संपव." "अच्छा, चलो," म्हणाला. तिसऱ्यांदा फोन नुसता वाजत राहिला. मग मी त्याच्या मोबाइलवर आवाज भरून पाठवला, "मेला का बे तिकडं?"

आपल्यात हे शब्द किती सहज येतात. रोज दहादा येतात... त्या दिवशी मात्र माझे शब्द त्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसले, आणि मोबाइल वहिनींकडं होता.

पंधरा दिवसांनी शाळेचं काम पुरं करायला मी ते यंत्र उघडलं. कोणी कोणती आज्ञा किती वाजता दिली हे तिथं ओळीनं दिसतं. सुनीलच्या आज्ञा दिसल्या. दुसऱ्या खेपेला मुदत लावली होती, नंबर बरोबर बसवला होता, बाहेरून तपासलाही होता. फक्त "ठीक आहे" आलं नव्हतं. दहा मिनिटं भरल्यावर यंत्रानं त्यानं केलेलं सगळं पुसून टाकलं होतं. मी माझा फोन काढून वेळ जुळवून पाहिली. छातीत कसंतरी होतं असं मला सांगितल्यावर तो अजून वीस मिनिटं काम करत होता. वीस मिनिटं कमी नसतात हो! दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे त्याच्या घरापासून. मी तिथंच डोकं धरून बसलो.

त्यानंतर दर आठवड्याला मी महाराजपूरला जात राहिलो. वहिनी चहा द्यायच्या, मी प्यायचो, आणि मनात एकच, यांनी तो आवाज ऐकला असेल का? मागच्या आठवड्यात शेवटी विचारलं. म्हणाल्या, "ऐकला ना. त्याच दिवशी ऐकला. तुमच्या दोघांचं बोलणं काय मला माहीत नाही? ते मनावर घेऊ नका, भाऊ." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि त्या मोकळेपणात मी बाकीचंही ओकून टाकलं... दुसरा फोन, छाती, जड झालेला हात, पित्ताची गोळी.

वहिनींनी कप खाली ठेवला. "तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी?"

"हो."

"मी समोरच्या विहारात होते. वंदनेला. पाच मिनिटाची वाट नाही." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "तुम्हाला माहीत होतं, तर मला एक फोन काहून नाही केला, भाऊ?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि नंतरच्या इतक्या आठवड्यांतही नाही. काम त्याच्याकडं आणि काळजी शाळेची, याच्यापलीकडं मी पाहिलंच नव्हतं. मी उठलो, चपला घातल्या. त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

काल रविवार होता. सकाळी गेलो तर आत जायची हिंमत झाली नाही, फाटकापाशीच उभा राहिलो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या शेजारच्या बायका वहिनींना विहारात न्यायला आल्या होत्या. खिडकीतून आतलं दिसत होतं. वहिनी सुनीलच्या खुर्चीत, बंद कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर. "तुम्ही व्हा पुढं," त्या आतूनच म्हणाल्या. "मी सकाळची घर सोडत नाही आता."